तपासणीची संथा

मनूला वाचता येत नाही, हे नानांना मान्यच नव्हतं. जी पोर एकदा ऐकलेलं स्तोत्र दुसऱ्या दिवशी सकाळी घडाघडा म्हणते, जिने गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आलेल्या तरुण गुरुजींची चूक भर पूजेत त्यांच्या पदरात घातली, ती ढ कशी असेल? शाळेतल्या बाईच ढ असतील, असा नानांचा सरळ निकाल होता. आणि नानांनी एकदा निकाल दिला की त्यावर अपील नसायचं. त्यांची बायको होती तेव्हाही नव्हतं, आता तर ऐकणारं कोणी उरलंच नव्हतं.

नानांचं सगळं आयुष्य रामकुंडावर गेलं. यजमान यायचे, ओल्या पंच्याने समोर बसायचे, नाना सांगायचे आणि यजमान त्यांच्यामागे म्हणायचे. पुढे गुडघ्यांनी घाटाच्या पायऱ्यांना नकार दिला, तेव्हा मुलगा स्वराज त्यांना इंदिरानगरला आपल्या फ्लॅटवर घेऊन आला. स्वराज सातपूरच्या कारखान्यात, सून यशश्री विम्याच्या ऑफिसात. दोघंही सकाळी जे बाहेर पडायचे ते दिवेलागणीलाच परत. त्यामुळे नात मृण्मयी, म्हणजे मनू, शाळेतून आली की नानांच्या ताब्यात.

आणि ताब्यात आलेल्या माणसाला शिकवायचं, एवढी एकच गोष्ट नानांना येत होती. ते स्वतः लहानपणी संथा घेऊन शिकले होते. संथा म्हणजे काय, तर गुरुजींनी एकदा म्हणायचं, शिष्याने ते दोनदा म्हणायचं, असं रोज, पक्कं होईस्तोवर. पोथी बाजूला गुंडाळलेली. नानांच्या वडिलांच्या लेखी तर पोथीत बघून म्हणणारा ब्राह्मण म्हणजे कुबड्या घेऊन चालणारा माणूस. मनूला मात्र दोनदा म्हणायचीही गरज पडायची नाही. एकदा ऐकलं की झालं! एवढ्या वर्षांत असा शिष्य नानांना मिळाला नव्हता. स्वराजने तर मुंजीनंतर संध्येची पळीसुद्धा हातात धरली नव्हती. म्हणून नात म्हटलं की म्हातारा खुलायचा.

अशा घरात शाळेचा निरोप आला. मनू पाचवीत होती. वर्गशिक्षिकेने यशश्रीला बोलावून घेतलं आणि सांगितलं, की मुलगी तोंडी सगळं सांगते, पण पुस्तक समोर ठेवलं की गप्प होते. वाचन दुसरीच्या मुलांइतकंसुद्धा नाही. पाचवीला आता वार्षिक परीक्षेत नापास करतात, तेव्हा एप्रिलच्या आत हिची वाचा, भाषा आणि लेखन-वाचनाची तपासणी करून घ्या. अडचण आहे असा अहवाल आला तर तिची परीक्षा तोंडी घेऊ, शिवाय रोज एक तास वेगळ्या शिक्षिका तिला शिकवतील. अहवाल नसेल तर आमचेही हात बांधलेले आहेत.

यशश्रीने घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. नाना भडकलेच.

"म्हणजे पोरीच्या कपाळावर शिक्का मारायचा! उद्या लग्नाच्या वेळी कोणी विचारलं तर?"

"नाना, ती दहा वर्षांची आहे."

"पाठांतर बघितलंय का त्यांनी तिचं? बोलाव त्या बाईंना घरी. मी ऐकवतो."

"पाठांतराचा प्रश्नच नाहीये," यशश्री म्हणाली. ऑफिसात लोकांना कलमं समजावून सांगायची तिला सवय होती, त्यामुळे ती चिडली तरी आवाज चढत नसे. "आणि ही परीक्षाही नाहीये. रक्त तपासायला जाताना कोणी अभ्यास करून जातं का? तिला काय अडतंय ते कळलं तर इलाज होईल. हात जोडते तुम्हाला, यात पडू नका."

नाना गप्प बसले. नाना गप्प बसले की समजायचं, त्यांचं काहीतरी ठरलंय.

मनू कोपऱ्यात हे सगळं ऐकत होती. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिने दप्तर टाकलं आणि विचारलं, "नाना, त्या तपासणाऱ्या ताई मला सांगतील का हो, मला का येत नाही ते?"

"तुला सगळं येतं," नाना म्हणाले.

"अक्षरं नाही येत. ती जागेवर राहतच नाहीत."

"नीट बघितलंस तर राहतील. पोहे खा."

आता इथे एखाद्या शहाण्या माणसाने दोन मिनिटं थांबून विचार केला असता, की पोरगी काय सांगतेय. पण नानांच्या डोक्यात परीक्षा हा शब्द घुसला होता आणि परीक्षेत नातीने पडायचं म्हणजे घराण्याची अब्रू. यशश्री शंभरदा म्हणाली तरी ज्या ठिकाणी कोणीतरी खुर्चीवर बसून प्रश्न विचारतो आणि शेवटी कागदावर काहीतरी लिहून देतो, ती परीक्षाच, असं नानांचं मत होतं.

त्यात खालच्या मजल्यावरच्या विमलाबाई भेटल्या. विमलाबाई मूळच्या नामपूरच्या. कांद्याच्या मार्केटात नवऱ्याच्या गाळ्यावर बसून बसून त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती, ती ही की आतली बातमी आधी ज्याच्याकडे, त्याचं भलं. त्यांच्या नातवाची, विहंगची, मनूला जिथे न्यायचं होतं त्याच केंद्रात दोन वर्षांपूर्वी तपासणी झाली होती.

"अहो नाना, काळजी कशाला करता?" विमलाबाई गच्चीवर पापड उलटत म्हणाल्या. "माझ्याकडं सगळे कागद हायेत. आमच्या जावयानं तवाच मोबाइलमधी फोटो मारून झेरॉक्स काढून ठेवल्यात. विहंगच्या धाकट्या बहिनीला लागतील म्हनून."

"तेच विचारतात का दरवेळी?"

"तेच तर! लय वरसं झाली, बदलत नाय ते."

नानांना त्यात काडीचंही वावगं वाटलं नाही. यजमान श्राद्धाला बसतो तेव्हा त्याला मंत्र येतात थोडेच? गुरुजी सांगतात, तो म्हणतो आणि कार्य पार पडतं. कोणी त्याला लबाड म्हणत नाही. कार्य पार पडणं महत्त्वाचं. नाना झेरॉक्स घेऊन वर आले ते अगदी हलक्या पावलांनी.

दुसऱ्या दिवसापासून गॅलरीत संथा सुरू झाली. कागदांत एक उतारा होता, बंडू आणि त्याचा मामा तळ्यावर जातात, बदकाला पाव घालतात असा काहीतरी. शिवाय सुट्या शब्दांची रांग होती. आणि मग असे शब्द, ज्यांना अर्थच नाही. टिमोळ. झपुरा. लकेस. नानांनी ते दोनदा वाचले आणि चष्मा पुसला. हे काय विचारायचे शब्द झाले? पण संथेत अर्थ विचारायचा नसतो, हे त्यांचं त्यांनाच आठवलं आणि ते पुढे गेले.

मनूने पहिल्या दिवशीच उतारा उचलला. अडचण वेगळीच झाली. तिने 'टिमोळ, झपुरा, लकेस' हे सूक्त म्हटल्यासारखं हात वर-खाली करत म्हणून दाखवलं.

"अगं, गाऊ नकोस!" नाना हसू दाबत म्हणाले. "वाचल्यासारखं कर. मध्ये जरा अडखळ. आणि बोट फिरव. ओळ संपली की बोट खाली."

"पण नाना, हे वाचणं नाही ना?"

"तुला वाचता येतं हे त्यांना दिसलं म्हणजे झालं. उरलेलं आपण उन्हाळ्यात बघू."

"आईला सांगायचं?"

"आईला नको. तिला आनंदाचा धक्का देऊ."

मनूला नाना फार आवडायचे. घरात तेवढे एकटेच होते, ज्यांच्यासमोर ती हुशार असायची. ती हो म्हणाली.

तपासणीच्या दिवशी यशश्रीने अर्धी रजा टाकली. नानाही बरोबर निघाले. केंद्र म्हणजे एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या तीन खोल्या. बाहेरच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या, आतल्या खोलीला काचेचं दार. तपासणाऱ्या मनालीताई तिशीच्या होत्या, चेहऱ्याने शांत. त्यांनी आधी यशश्रीला खूप काही विचारलं. मनू बोलायला कधी लागली, कानाला काही त्रास होता का, घरात दुसरी भाषा कुठली बोलतात, असं. मग मनूला आत नेलं.

नाना काचेतून बघत राहिले. ऐकू काही येत नव्हतं. चित्रं दाखवली, मनूने नावं सांगितली. ताईंनी काही म्हटलं, मनूने ते परत म्हटलं, आणि ताईंनी भुवया उंचावून कागदावर खूण केली. बघा, नाना मनाशी म्हणाले. मग कागद आला. मनूचं बोट ओळीवरून सरकत गेलं, ओळ संपल्यावर खाली आलं. मध्ये एकदा ती अडखळलीसुद्धा, अगदी सांगितलेल्या जागी. नानांनी मांडीवर हळूच थाप मारली.

"काय झालं?" यशश्रीने विचारलं.

"काही नाही. डास."

शेवटी ताईंनी तिला लिहायला दिलं, तेव्हा मात्र मनूची मान खाली गेली ती बराच वेळ वर आली नाही. नानांनी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. अक्षर काय, डॉक्टरांचंही वाईट असतं.

पुढच्या आठवड्यात अहवाल घ्यायला बोलावणं आलं. स्वराजची पाळी बदलली नाही, म्हणून पुन्हा तिघंच गेले. मनू छोट्या टेबलाशी बसून रंगीत खडूने मांजर काढायला लागली आणि ही दोघं मनालीताईंच्या समोर बसली.

"खरं सांगू का, मला जरा कोडंच पडलंय," मनालीताई म्हणाल्या. "लेखन खूप कच्चं आहे. श्रुतलेखनात साधे शब्दही चुकलेत. पण वाचन वयाच्या मानाने उत्तम आहे. निरर्थक शब्द तर एकही चुकला नाही, ते चांगली वाचणारी मुलंही चुकतात. त्यामुळे वाचनाची अडचण आहे असं मला लिहिता येणार नाही."

नानांना आधी आनंदच झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. छाती भरून आली त्यांची. एकही चुकला नाही!

यशश्रीचा मात्र चेहरा उतरला. "असं कसं होईल? अहो, तिला बसवरची पाटी वाचता येत नाही. बिस्किटाच्या पुड्यावरचं नाव ती रंगावरून ओळखते. तुमचं काहीतरी..." ती थांबली. "मग तोंडी परीक्षा?"

"तशी शिफारस या निकालांवर करता येणार नाही. लिहिण्याचा सराव वाढवा. आणि लक्ष देण्याचा प्रश्न असू शकतो. घरी जरा शिस्त लावून बघा."

"शाळेतही हेच म्हणतात," यशश्री हळू आवाजात म्हणाली. "आळशी आहे म्हणतात."

खडूचा आवाज थांबला. मनू उठून टेबलाजवळ आली.

"ताई, म्हणजे मला काहीच झालेलं नाही?"

"काही नाही गं. छान वाचतेस तू."

मनूने मान हलवली. रडली वगैरे काही नाही. आज बुधवार आहे असं आपण सांगतो, तशा आवाजात ती म्हणाली, "मग मी नुसतीच मठ्ठ आहे."

आणि ती परत जाऊन मांजर रंगवायला लागली.

नाना त्या पाठमोऱ्या दोन वेण्यांकडे बघत राहिले. पोरीने नाव घेतलं नव्हतं त्यांचं. तिला एवढं सांगता आलं असतं, की मला नानांनी पाठ करून दिलं. पण नानांनी सांगू नको म्हटलं होतं. शिष्य बरा मिळाला होता. जे सांगितलं तेवढंच केलं होतं तिने, आणि ज्यासाठी ती इथे आली होती, का येत नाही ते कळायला, ते तिने नानांच्या पायी घालवलं होतं.

"मनालीताई," ते म्हणाले. त्यांनी घसा खाकरला. "तो उतारा. तिने वाचला नाही. ते शब्दही नाही. मी... मी तिच्याकडून पाठ करून घेतले होते."

"पाठ? पण कागद तर इथे असतात."

"झेरॉक्स मिळाली. कोणाकडून ते विचारू नका, चूक माझीच आहे. मला वाटलं, पास झाली की सुटली."

यशश्री त्यांच्याकडे वळली. लग्न होऊन आल्यापासून ती सासऱ्यांना कधी टोचून बोलली नव्हती. "नाना, तिचं वर्ष घालवलंत हो तुम्ही," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "मी हात जोडले होते तुमच्यापुढे. तिला पास नव्हतं व्हायचं. कोणी सांगितलं होतं तुम्हाला तिला पास करायला?"

नानांनी खाली बघितलं.

मनालीताईंनी अहवालाची पानं गोळा करून फायलीत घातली आणि फाईल जरा जोरातच मिटली. त्यांनाही राग आला होता, तो दिसत होता. "हे कागद आता हिच्यासाठी बाद झाले," त्या म्हणाल्या. "दुसरा संच आहे, पण तो पुण्याहून मागवावा लागेल. सगळी तपासणी नव्याने करायची. एप्रिलच्या आत होईल असा शब्द मी देऊ शकत नाही. शाळेला मी पत्र लिहीन, पण ते ऐकतीलच असं नाही."

"पुण्याला मी जातो," नाना घाईघाईने म्हणाले. "आजच निघतो. शिवशाही मिळेल."

"तुम्ही त्या कागदांच्या वाऱ्यालाही उभे राहू नका," यशश्री म्हणाली.

मनालीताईंनी एक कोरा कागद घेतला आणि मोठ्या अक्षरांत त्यावर एक ओळ लिहिली. मग मनूला हाक मारली. "ये गं इकडे. हे मी आत्ताच लिहिलंय, हे कोणालाच ठाऊक नाही. जमेल तसं वाच. आणि आजोबा, तुम्ही तोंडातून चकार शब्द काढायचा नाही."

कागदावर लिहिलं होतं, आजीने परसात भोपळा लावला. नानांना उलट्या बाजूनेही ते स्पष्ट दिसत होतं.

"आ," मनू म्हणाली. "आजी. आजीन. ने. आजीने." मग ती थांबली. "रप. पर. पसर..." बोट अक्षराखाली गेलं, पुढे सरकलं, परत मागे आलं. वरच्या ओठावर घाम जमला. डाव्या हाताने तिने टेबलाची कड घट्ट धरली होती. "परत? नाही. पर... सा..." तिने डोळे मिटले, उघडले, पुन्हा कागदाला भिडवले.

नानांनी तिला असं वाचताना कधी बघितलंच नव्हतं. ऐकलं होतं पुष्कळ, ते तिच्या तोंडचं पाठांतर. ही पोरगी आळशी? घाटावर पोती वाहणारे हमाल नानांनी जन्मभर बघितले होते, पण चार शब्दांसाठी एवढं राबलेलं माणूस त्यांनी बघितलं नव्हतं. आणि हे ती रोज करत होती, वर्गात, सगळ्यांच्या हसण्यासमोर.

मनूने वर बघितलं. ताईंकडे नाही, आईकडे नाही. नानांच्या ओठांकडे.

शब्द नानांच्या जिभेवर आलेला होता. नुसता ओठ हलवला असता तरी पोरीने पकडला असता. नानांनी दातांखाली ओठ धरला आणि मान दुसरीकडे वळवली. उभ्या आयुष्यात त्यांना काही इतकं जड गेलं नव्हतं.

"पुरे, बाळा," मनालीताई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज निराळा होता. "खूप केलंस. ऐक, तू मठ्ठ नाहीस. कानाने ऐकलेलं तुला पटकन येतं. अक्षर डोळ्यांनी बघून त्याचा आवाज जुळवायला तुला जड जातं. असं पुष्कळ मुलांचं होतं. याला नाव आहे, आणि शिकवायची वेगळी पद्धतसुद्धा आहे. कागदावर लिहिण्याआधी मला नीट तपासावं लागेल. पण आत्ता मला दिसलं ते हेच."

"खरंच मला ते आहे?"

"मला तसं वाटतंय."

मनू नानांकडे वळली. तिचा चेहरा असा फुलला होता, की नानांना तो बघवेना.

"नाना! म्हणजे मी नापास झाले ना?"

नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"हो गं राणी," ते म्हणाले. "झालीस."

"नक्की ना?"

"अगदी नक्की."

मनू खुदकन हसली, आणि आई तिथेच बसलेली असून तिला हे पुन्हा सांगायला धावली.